टायगर हिलवर जवान हेलिकॉप्टरने का उतरवले नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९९ मध्ये आपल्याकडे हेलिकॉप्टरं होती, मग कारगिलच्या लढाईत टोलोलिंग आणि टायगर हिल ही शिखरं घेताना जवानांना रात्री दोर लावून कडे का चढावे लागले? १६७० मध्ये कोंढाण्याचा कडा चढले ते समजू शकतं, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पण कारगिलमध्ये सरळ शिखरावर माणसं उतरवली असती, नाहीतर वरून बंकर फोडले असते, तर इतके जीव वाचले नसते का? आणि आता 'प्रचंड' हे आपलं लढाऊ हेलिकॉप्टर आलंय, म्हणजे पुढच्या वेळी हे टळेल का?

मी मूळचा तोफखान्याचा. पुढे आर्मी एव्हिएशनमध्ये आलो आणि बरीच वर्षं चीता हे छोटं हेलिकॉप्टर उडवलं. लडाखमध्ये दोन वेळा होतो, त्यातला एक काळ नेमका कारगिलचा. नोकरीची शेवटची काही वर्षं नाशिक रोडला नव्या पायलटांना शिकवण्यात गेली. हा प्रश्न मला गावातल्या व्याख्यानांत, लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या मनात त्या पोरांबद्दलची कळकळ असते, म्हणून दरवेळी नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत: शिखरावर उतरणं, वरून मारा करणं आणि आजची स्थिती. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, वजन. तिथे हेलिकॉप्टर किती वजन उचलू शकतं हे कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी उंचीचा अंदाज घेऊ. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. द्रास गाव, म्हणजे जिथून चढाई सुरू व्हायची ती तळाची जागा, साधारण ३,३०० मीटरवर आहे. कळसूबाईच्या दुप्पट. आणि टायगर हिल ५,०६२ मीटर, तिपटीहून जास्त. फुटांत सांगायचं तर साडेसोळा हजारांच्या वर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरते. हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली ढकलतो आणि त्या जोरावर यंत्र वर राहतं. ढकलायला हवाच कमी, म्हणजे पंख्याचा जोर कमी. इंजिनही तीच विरळ हवा ओढतं, म्हणजे त्याचाही दम कमी. दोन्हीकडून एकदमच मार बसतो.

त्यात उन्हाळा. हवा तापली की आणखी विरळ होते. द्रासची उंची फुटांत सुमारे १०,८००. प्रमाण हवामानाच्या हिशेबाने तिथे उणे सहा अंश असायला हवेत. जूनच्या दुपारी तिथे पंधरा अंश असतील, तर हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते तेरा हजारांहून जास्त उंचीवर उभं आहे. अजून जमीनही सोडलेली नसताना अडीच हजार फूट हातचे गेलेले असतात. म्हणून आमचं काम पहाटे सुरू व्हायचं आणि जमेल तितकं सकाळीच उरकायचं. दहा-अकराच्या पुढे उतार तापतात, नाल्यांमधून वारा वर चढायला लागतो आणि कड्याच्या आडोशाच्या बाजूला तोच वारा तुम्हाला खाली दाबतो.

नाशिकला शिकवताना मुलांच्या डोक्यात हे भरवणं सगळ्यात अवघड जायचं. नाशिकची उंची दोन हजार फुटांच्या आसपास. तिथे कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हाताचा दांडा, जरा वर ओढला की यंत्र उसळी घेऊन उठतं. मुलांना वाटतं ताकद भरपूर आहे. सतरा हजार फुटांवर तोच दांडा वर ओढला, की पिचचा, म्हणजे पंख्याच्या पात्यांचा कोन दाखवणारा, काटा मर्यादेला टेकतो आणि यंत्र जागेवरच थरथरत राहतं. अजून ओढलं तर पंख्याचे फेरे पडू लागतात आणि यंत्र वर जायच्या ऐवजी खाली बसतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात ना, तिथे हवेचंही आणता येत नाही.

आता कुणी म्हणेल, चीता तर उंचीसाठीच बनलंय. बरोबर. ते फ्रान्सच्या लामा हेलिकॉप्टरचं आपल्याकडे बनणारं रूप, आणि लामा तयार झालं तेच मुळात आपल्या सैन्याच्या डोंगरी गरजेसाठी. २१ जून १९७२ ला ज्याँ बूले या पायलटने लामा १२,४४२ मीटरवर नेलं होतं. पण तो विक्रम होता. त्यासाठी यंत्र सोलून हलकं केलेलं होतं, आत एकटा माणूस, आणि वर गेल्यावर इंजिन बंद पडलं, ते त्याने इंजिनाशिवाय नुसत्या फिरत्या पंख्यावर खाली आणलं. एकदा तिथवर पोचणं वेगळं आणि रोज ओझं घेऊन जाणं, थांबणं, परत उठणं वेगळं.

दुसरी शंका सियाचिनची. तिथे तर वीस हजार फुटांच्या आसपासच्या सोनम आणि अमर या चौक्यांवर चीता उतरतंच, मग टायगर हिलवर का नाही? उतरतं हे खरं आहे, आणि जगात इतर कुठे असं काम नियमितपणे होत असेल असं मला वाटत नाही. पण काय घेऊन उतरतं ते बघा. केरोसीनचा एखादा जेरीकॅन, फार तर दोन. वीस लिटर केरोसीन म्हणजे सोळा किलो, डबा धरून अठरा-वीस. तेवढ्यासाठी दोन पायलट, एक हेलिकॉप्टर आणि त्याच्या जोडीला उडणारं दुसरं हेलिकॉप्टर. शिवाय तिथलं हेलिपॅड आपल्याच माणसांनी बडवून सपाट केलेलं असतं. पांढऱ्या बर्फावर उंचीचा अंदाज अजिबात येत नाही. जमीन दहा फुटांवर आहे की दोन, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून चौकीवरचे जवान कडेला काळे डबे, गोणपाट, काहीतरी गडद ठेवतात. उतरताना तुमची नजर त्या एका डब्यावर खिळलेली असते. पंख्याच्या वाऱ्याने बर्फ उडून तो डबा दिसेनासा झाला, तर त्याच क्षणी निघून जायचं, दुसरा विचार करायचा नाही. टायगर हिलच्या माथ्यावर तो डबा ठेवायला आपला माणूस नव्हता. तिथे मशीनगन घेऊन शत्रू बसला होता.

माथ्याच्या आकाराचाही प्रश्न आहे. सपाट जमिनीजवळ तरंगताना पंख्याची हवा जमिनीवर आपटून एक गादी तयार होते आणि कमी ताकदीत यंत्र टिकतं. सुरीच्या पात्यासारख्या धारेवर ती गादी दोन्ही बाजूंनी घसरून जाते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताकद लागते, तिथेच ती सगळ्यात कमी असते.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो ते एका सकाळच्या आठवणीवरून सांगतो. लढाईचे दिवस होते. एका धारेच्या मागे, नाल्यात दगड बाजूला करून केलेल्या जागेवरून जखमींना आणायचं होतं. उंची पंधरा हजारांच्या थोडी वर. जागा इतकीच, की मागचा पंखा एका मोठ्या दगडापासून हातभर लांब राहील. एका सुभेदार साहेबांनी नारिंगी कापड दोन दगडांखाली दाबून ठेवलं होतं, त्याच्या फडफडण्यावरून वारा कळत होता. उतरलो, पण बसलो असं म्हणता येणार नाही. स्किड, म्हणजे खालच्या आडव्या दांड्या, जमिनीला लावून निम्मं वजन पंख्यावरच धरून ठेवलं होतं. इंजिन बंद करायचा प्रश्नच नव्हता. तिथे बंद केलं आणि परत सुरू झालं नाही, तर ती एकुलती एक जागाच अडून बसते.

दोघं होते. एकाच्या पोटात गोळी, दुसऱ्याच्या मांडीचं हाड मोडलेलं. आमचं इंधन मोजून आणलेलं, मागची सीट काढून टाकलेली, तरीही त्या तापमानाला एकच माणूस नेता येणार होता. नर्सिंग असिस्टंट एक विशी-बाविशीतला पोरगा होता. त्याने मला काही विचारलं नाही, मी त्याला काही सांगितलं नाही. मी फक्त एक बोट वर केलं. त्याने पोटाच्या जखमेवाल्याला पुढे आणलं. मांडीवाल्याने स्वतःच हात हलवून 'न्या, न्या' अशी खूण केली. उठताना काटा मर्यादेला टेकला होता. नाल्याच्या उताराकडे नाक करून यंत्र अक्षरशः खाली सोडलं, वेग मिळाला, मग ते उडालं.

पस्तीस मिनिटांनी परत आलो तोवर वारा फिरला होता. पहिल्यांदा आत येताना यंत्र दबायला लागलं, सोडून दिलं. पुन्हा उलट्या बाजूने आलो, बसलो, मांडीवाल्याला घेतलं. दोघंही वाचले. त्यातला एकजण अजून दिवाळीला फोन करतो.

आता हाच हिशेब टायगर हिलला लावा. कपडे, हत्यार, गोळ्या, पाणी धरून एक जवान शंभर किलोच्या पुढे जातो. चीतामधून त्या उंचीवर एक, नशिबाने हवा थंड असेल तर दोन. शंभर जवानांच्या कंपनीला पन्नास ते शंभर फेऱ्या. एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये चोवीस जणांना बसायला जागा आहे, पण जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी. साडेसोळा हजार फुटांवर ते मोजकीच माणसं घेऊन पोचू शकतं, आणि धारेच्या बाजूला हवेत स्थिर राहून माणसं सोडायची म्हटलं तर तेवढीही नाहीत. पहिली फेरी उतरते तेव्हा वर पाच-सात जवान आणि समोर खंदकात बसलेला तयार शत्रू. दुसरी फेरी येईपर्यंत त्या पाच-सात जणांचं काय होईल? आणि हेलिकॉप्टरचा आवाज दरीत कितीतरी आधी ऐकू येतो. तुम्ही कोंढाण्याचं उदाहरण दिलंत, ते इथे चपखल बसतं. ३-४ जुलैच्या रात्री १८ ग्रेनेडियर्स या पलटणीची 'घातक' नावाची निवडक जवानांची तुकडी टायगर हिलवर गेली ती अशा कड्यावरून, जिथून कुणी येईल असं शत्रूला वाटलंच नव्हतं. दोर त्यांनी निवडला तो साधन नव्हतं म्हणून नाही. त्या रात्री आवाज न करता वर पोचवणारं तेच एक साधन होतं.

आता मारा करण्याबद्दल. हे आपण करून पाहिलं होतं, आणि त्याची किंमत मोजली. २६ मे १९९९ ला हवाई दलाचं ऑपरेशन सफेद सागर सुरू झालं. त्यात एमआय-१७ ला रॉकेटं लावून वापरलं गेलं. एमआय-१७ हे मूळचं मालवाहू यंत्र. खरी लढाऊ हेलिकॉप्टरं, एमआय-२५ आणि एमआय-३५, आपल्याकडे होती, पण ती चिलखतामुळे इतकी जड, की त्यांची वर जाण्याची मर्यादाच साडेचार हजार मीटरच्या आसपास. टायगर हिल त्याच्याही वर आहे. म्हणून जे वर जाऊ शकत होतं त्यालाच हत्यारं लावली. २८ मे रोजी टोलोलिंगवर हल्ला करून परत वळताना एका एमआय-१७ ला खांद्यावरून डागलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी.व्ही.एन.आर. प्रसाद आणि सार्जंट आर.के. साहू असे चौघे गेले. त्या यंत्रावर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडण्याची सोय नव्हती. त्यानंतर हेलिकॉप्टरने हल्ले करणं थांबवलं.

माझ्या मते तो निर्णय योग्य होता. काही जणांना तो घाईचा वाटतो, पण त्यांनी डोंगरातली उंची डोळ्यांपुढे आणावी. सपाट प्रदेशात उंच उडलात की खांद्यावरच्या क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर जाता येतं. इथे डागणाराच सोळा हजार फुटांवर बसलेला. तुम्ही कितीही जोर लावलात तरी त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या खालीच असता. त्याला मान वर करावी लागत नाही, तो खाली बघून नेम धरतो. आणि त्या उंचीवर तुमचं यंत्र आधीच ताकदीच्या टोकाला असतं, झटकन वळून निसटायला हातात काही शिल्लक नसतं. अफगाणिस्तानात १९८६ नंतर रशियन हेलिकॉप्टरांना स्टिंगरने जेरीस आणलं होतं. इथे तर जमीन आणखी उंच होती.

मग बंकर फोडायचं काम ज्याच्या आवाक्यात होतं त्याच्याकडे गेलं. मिराज-२००० ही लढाऊ विमानं त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या पुष्कळ वर राहून येत. २४ जूनला त्यांनी टायगर हिलवर लेझरने नेम धरलेला बॉम्ब टाकला. आणि मुख्य भार उचलला तोफांनी, विशेषतः बोफोर्सने. तोफखान्याचा माणूस म्हणून इथे जरा थांबतो. जी विरळ हवा आम्हा पायलटांची वैरी, तिच्यात गोळ्याला अडथळा कमी, त्यामुळे तो नेहमीपेक्षा लांब जातो. पल्ला वाढतो, पण सपाटीवरचे आकडे चुकतात. गोळा धारेच्या शंभर मीटर पुढे पडला तर तो पार पलीकडच्या दरीत जातो आणि शत्रूला खरचटतही नाही. म्हणून कुठे पडला हे बघून सांगणारे डोळे लागतात. बहुतेक वेळा ते डोळे पायदळाबरोबर चढलेल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याचे होते, काही वेळा आडोशाला राहून, क्षणभर धारेच्या वर डोकावणाऱ्या चीताचे.

इतकं सगळं सांगितलं, तरी कारगिलमध्ये हेलिकॉप्टरं निरुपयोगी होती असा अर्थ कृपया काढू नका. त्यांनी दारूगोळा पुढच्या नाल्यांपर्यंत नेला, कमांडरांना जमीन दाखवली, टेहळणी केली, आणि जखमींना खाली आणलं. यातलं शेवटचं काम मी सगळ्यात वर ठेवतो. फुप्फुसात पाणी भरलेला किंवा पोटात गोळी लागलेला माणूस स्ट्रेचरवरून त्या उतारांनी आणायचा तर चार-सहा धडधाकट जवान आणि कित्येक तास लागतात, कधी अख्खी रात्र. चीता त्याला पंधरा-वीस मिनिटांत खाली आणतं. एका फेरीत एकच माणूस नेता येतो, ही अडचण शिखर जिंकताना घातक ठरते. जखमीला आणताना नाही, कारण तिथे मोजायचा असतो एकच माणूस.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे तेही सांगायला हवं. हाच डोंगर ऑक्टोबरच्या पहाटे असता, वारा पडलेला असता, माथा सपाट आणि रिकामा असता, तर मोजकी माणसं उतरवणं जमलं असतं. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूतच्या सुरुवातीला सियाचिनच्या बिलाफोंड ला या खिंडीजवळ आपण हेलिकॉप्टरनेच जवान उतरवले होते. फरक इतकाच, की तिथे आपण शत्रूच्या आधी पोचलो होतो. कारगिलमध्ये तो आधीच वर बसला होता. रिकाम्या शिखरावर पहिलं पोचायचं असेल तर हेलिकॉप्टरसारखं साधन नाही.

राहिला 'प्रचंड'चा प्रश्न. त्याची कल्पनाच कारगिलच्या अनुभवातून आली. पहिलं उड्डाण २९ मार्च २०१० ला झालं, आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला ते हवाई दलात रीतसर दाखल झालं. दोन शक्ती इंजिनं, पुढे २० मिलिमीटरची फिरती तोफ, ७० मिलिमीटरची रॉकेटं, आणि क्षेपणास्त्राची चाहूल देणारी व त्याला चकवणारी यंत्रणा मुळातच बसवलेली. सियाचिनच्या हेलिपॅडवर उतरून त्याची चाचणी झालेली आहे. १९९९ मध्ये एमआय-१७ वाल्यांकडे जे नव्हतं, त्यातलं बरंच यात आहे. पण ते मारा करणारं यंत्र आहे, माणसं नेणारं नाही. खांद्यावरची क्षेपणास्त्रंही या काळात सुधारली आहेत, आणि शत्रू त्याच धारेवर वरच्या अंगाला बसलेला असणार.

उद्या तसाच डोंगर घ्यायची वेळ आली आणि मला विचारलं, तर 'प्रचंड' मी लांबून, आडोशाने, बंकरमधल्या मशीनगनला डोकं वर काढू न देण्यासाठी वापरीन, तेही पायदळ शेवटच्या दोनशे मीटरवर असताना, जेव्हा आपल्याच गोळ्यांच्या भीतीने तोफा थांबवाव्या लागतात. ध्रुव हेलिकॉप्टरने दारूगोळा आणि पाणी शक्य तितक्या वरच्या नाल्यापर्यंत नेईन, म्हणजे चढणाऱ्याच्या पाठीवरचे दहा-बारा किलो उतरतील. चढाई मात्र रात्रीची आणि पायीच ठेवीन. आणि पहाटेच्या, थंड हवेतल्या सगळ्या फेऱ्या जखमींसाठी राखून ठेवीन, त्या दुसऱ्या कुठल्याही कामाला देणार नाही.